स्पॅघेटीच्या जेवणावरचा कर

हार्लन टॉलेफसन माणूस सरळ. पण इतका सरळ, की जरा वळायची वेळ आली की घरच्यांना घाम फुटतो. घरचे म्हणजे एकटी आर्डिस. मुलगा तिकडे अ‍ॅरिझोनात, उन्हात. त्यामुळे हा घाम गेली कित्येक वर्षं तिच्या एकटीच्या वाट्याला आलेला.

त्या गुरुवारी सकाळी दोघं पिकअपमधून ग्रॅनविकच्या लायब्ररीकडे निघाले होते. एप्रिल लागला होता, पण नॉर्थ डकोटात एप्रिल लागला म्हणून बर्फाला कोणी कळवत नाही. रस्त्याच्या कडेला काळपट ढिगारे तसेच पडून होते. पिकअपच्या नाकाला बर्फ लोटायचं पिवळं पातं अजून लावलेलंच होतं. आर्डिसच्या मांडीवर कराच्या कागदांचं खाकी पाकीट.

"उगाच त्या मर्नाचा वेळ खायचा," हार्लन म्हणाला. "आकडे मी दोनदा तपासलेत."

"मग तिसऱ्यांदा ती तपासेल. तुझं काय जातं?"

"बरोबरच आहेत."

"बरोबर असतील तर बरं. पण एखादा चुकला असेल, तर शनिवारी गाडी फुकट जाईल ना रे!"

हार्लन गप्प बसला. गाडीचा विषय निघाला की तो असाच गप्प बसायचा, आणि आर्डिसला तेच सहन होत नव्हतं. भांडला असता तर चाललं असतं.

झालं होतं ते असं. आदल्या वर्षी, हिवाळा सरता सरता, हार्लनच्या हृदयानं दगा दिला. हेलिकॉप्टरनं फार्गोला नेलं, छाती उघडली, तीन ठिकाणी जोड दिले. माणूस वाचला. मागाहून बिलं आली. म्हातारपणाचा सरकारी विमा होता, पण उरलेला खर्च भरणारा जोडीचा विमा हार्लननं घेतलाच नव्हता. 'मला काय धाड भरलीय,' असं त्याचं तेव्हाचं म्हणणं. ती बिलं बघून आर्डिस स्वयंपाकघरात खाली फरशीवरच बसली होती.

मग गावानं केलं ते, जे आमच्याकडे अशा वेळी करतात. लुथेरन चर्चच्या तळघरात मदतीचं जेवण ठेवलं, म्हणजे जेवायचं आणि जाताना जमेल तेवढे पैसे टाकायचे. पेट्रोलपंपावर आणि कॅफेत हार्लनचा फोटो चिकटवलेल्या बरण्या मांडल्या. बायकांनी पातेलीच्या पातेली स्पॅघेटी उकडली, फळं भरलेले गोड 'पाय' भाजले, गोधडी शिवून तिची सोडत काढली. शिकारीला जाणाऱ्या पोरांनी एक बंदूक लिलावाला दिली. आसपासच्या चार गावांतून माणसं लोटली. एकतीस हजार डॉलर जमले. पाद्रीबुवांनी चेक आणून दिला, आणि तो आला तसाच हॉस्पिटलला गेला. घर वाचलं.

जेवणाला हार्लन आत गेलाच नाही. "जिना चढवत नाही," म्हणाला, आणि चर्चच्या आवारात गाडीत बसून राहिला. तळघरात जायला जिना चढावा लागत नाही, उतरावा लागतो. पण ते त्याला कोण सांगणार? आर्डिस एकटी आत गेली, शंभरजणांचे हात हातात घेतले, थँक्यू म्हणून म्हणून तिचा घसा बसला. बाहेर येऊन बघते तर हा काचेवर वाफ धरून बसलेला, समोर बघत.

तेव्हापासून हार्लन कॅफेत गेला नव्हता. चाळीस वर्षं धान्याच्या कोठारात नोकरी केली, तेव्हा आणि निवृत्त झाल्यावरही, रोज सकाळी कॅफेत कॉफी प्यायची, फाशांवर बिल कोणी द्यायचं ते ठरवायचं आणि सगळ्यांना शिव्या घालायच्या, हा त्याचा नेम. तो सुटला. किराणा आणायचा तर वीस मैल लांब जायला लागला. कोणी समोरून येताना दिसलं की रस्ता ओलांडायचा. विचारलं तर म्हणे, "डॉक्टरांनी कॉफी कमी करायला सांगितलीय." डॉक्टरांनी असलं काही सांगितलं नव्हतं. आर्डिस तिथेच तर बसली होती.

आणि आता हा कर! मार्चमध्ये हार्लननं नेहमीप्रमाणे जेवणाच्या टेबलावर कागद पसरले आणि पेन्सिलीला टोक केलं. लग्न झाल्यापासून त्यांचं रिटर्न एकत्रच जायचं. आकडेमोड त्याची, आणि खालच्या दुसऱ्या रेघेवर सही आर्डिसची. या वेळी त्यानं एकतीस हजार उत्पन्नात धरले. आर्डिस म्हणाली, "अरे, ते आपल्याला दिसले तरी का?" तर म्हणाला, "आले की नाही? आले ते उत्पन्न." ते धरल्यावर दोघांची सरकारी पेन्शनही, जिच्यावर एरवी छदाम लागत नव्हता, कराच्या जाळ्यात आली. बेरीज चढत गेली, वजावट तोकडी पडली, आणि खाली कर निघाला चार हजारांच्या घरात. बँकेत तेवढे नव्हते.

दुसऱ्याच दिवशी हार्लननं शेजारच्या गावच्या कोल्बी नावाच्या पोराला पिकअप विकायचं ठरवून टाकलं. पात्यासकट. हात मिळवून झाला. शनिवारी कोल्बी गाडी न्यायला येणार होता.

गाडी म्हणजे नुसता पत्रा असता तर आर्डिसनं दुःख केलं नसतं. पण बर्फ पडलेल्या पहाटे त्या गाडीत बसून पातं खाली सोडणारा हार्लन, हाच तर तिचा खरा हार्लन होता. गाडी गेली की उरणार तो खिडकीजवळच्या खुर्चीतला माणूस. तो माणूस तिनं वर्षभर, बर्फ न पडलेल्या प्रत्येक दिवशी, बघितला होता. आणखी बघायची तिची तयारी नव्हती.

लायब्ररीच्या तळघरात कराच्या दिवसांत फुकट मदत मिळते. चार टेबलं, चार संगणक, चार स्वयंसेवक. मर्ना प्रिबिल तिसऱ्या टेबलावर. आधी ती पोस्टात होती, त्यामुळे गावातल्या प्रत्येकाचं नाव, पत्ता आणि कुत्रा तिला ठाऊक. टेबलावर तिनं घरच्या चॉकलेट-ओटच्या वड्यांची थाळी ठेवलेली. तिच्यात एकच वडी उरली होती. म्हणजे मुळात एक. शेवटची वडी आमच्याकडे कोणी उचलत नाही. कोणीतरी तिचा अर्धा कापून घेतो, मग पुढचा त्या अर्ध्याचा अर्धा. आता तिथे टपाल तिकिटाएवढा तुकडा होता, आणि तो संध्याकाळपर्यंत तसाच राहणार हे सगळ्यांना माहीत होतं.

"या या!" मर्ना म्हणाली. "हार्लन, अरे तू जिवंत आहेस तर! मला वाटलं, आर्डिसनं तुला कुठे पुरून टाकलं आणि आम्हाला सांगितलं नाही."

"जमीन अजून गोठलेली आहे," आर्डिस म्हणाली. "मेमध्ये बघू."

हार्लन ओठाच्या कोपऱ्यातून हसल्यासारखं काहीतरी करून खुर्चीच्या कडेवर बसला. टोपी गुडघ्यावर.

मर्नानं पाकिटातले कागद काढले. "आर्डिस, हा शाळेच्या स्वयंपाकघराचा तुझा पगार, चौदा हजार. बरं. दोघांची पेन्शन, दोन कागद. बरं. दोघंही पासष्टच्या पुढे, म्हणजे वजावट जरा जास्त. छान. बँकेचं व्याज... अरेरे, याच्यात तर पेपरमिंटसुद्धा येणार नाही." तिची बोटं टकटक चालत होती. मग हार्लनचा पेन्सिलीचा कागद तिनं उचलला आणि चष्मा कपाळावरून खाली घेतला. "हे एकतीस हजार कसले? लॉटरी लागली आणि मला बोलला नाहीस?"

हार्लन जमिनीकडे बघत म्हणाला, "जेवणाचे."

"कसल्या जेवणाचे?"

"तुम्ही लोकांनी घातलं ते. चर्चमध्ये."

मर्नानं आर्डिसकडे बघितलं. आर्डिसनं खांदे उडवले. मर्ना खुर्चीत मागे टेकली आणि इतकी हसली की शेजारच्या टेबलावरच्या स्वयंसेवकानं मान वळवली.

"अरे देवा! हार्लन, ते उत्पन्न नव्हे रे. ती भेट आहे. लोकांनी आपणहून, बदल्यात काही न मागता दिलेले पैसे. भेटीवर घेणाऱ्याला कर लागत नाही. काढ ते." आणि तिनं कागदावर आडवी काट मारलीसुद्धा.

आर्डिसचा जीव भांड्यात पडला. "म्हणजे चार हजार नाहीत?"

"चार हजार? चार सेंट नाहीत! ते एकतीस गेले की तुमची पेन्शनही कराच्या बाहेर. उरला तुझा पगार. त्याच्या दुप्पट तर तुमची वजावट आहे. करपात्र उत्पन्न शून्य. उलट शाळेनं तुझ्या पगारातून कापलेले परत मिळतील."

"ऐकलंस?" आर्डिसनं हार्लनच्या दंडाला धरून हलवलं. "अरे ऐकलंस का? शून्य!"

हार्लननं मर्नाच्या हाताखालचा तो कागद ओढून घेतला. "काढायचं नाही," तो म्हणाला. "लिही ते."

"काय?"

"एकतीस हजार. उत्पन्नात लिही. मी फुकटचं घेत नाही."

"अरे पण लिहिता येत नाही! मी खोटं कसं लिहू?"

"खोटं काय आहे? पैसे आले. मी त्याच्यावर कर भरतो. भरला की ते माझे झाले, कष्टाचे झाले. मग कोणाच्या समोर मान खाली घालायला नको."

"आणि नाही लिहिलं तर?"

"तर मी सही करणार नाही."

इथंच घोडं पेंड खात होतं. नवरा-बायकोचं एकत्र रिटर्न. एकाची सही नसेल तर ते रद्दीत घालण्याच्या लायकीचं. आर्डिसला क्षणभर वाटलं, टेबलावरची ती थाळी उचलावी आणि या माणसाच्या टाळक्यात घालावी. मोठ्या थाटात फार्गोच्या डॉक्टरांनी दुरुस्त करून दिला, पण टाळकं उघडून बघितलं नाही मेल्यांनी.

मर्नानं मात्र हार मानली नाही. पोस्टात तिनं याच्यापेक्षा हट्टी माणसं बघितली होती. "बरं हार्लन, मी विचारते, तू सांग. त्या पैशाच्या बदल्यात तू कोणाचं काही काम केलंस?"

"अंथरुणातून उठता येत नव्हतं. काम कसलं करतोय?"

"करीन असं कबूल केलं होतंस?"

"नाही."

"कोणी तुला म्हणालं, की हे घे आणि पुढे आमचं असं असं कर?"

"नाही."

"मग ती भेटच झाली."

"भेट वाढदिवसाला देतात," हार्लन म्हणाला. "मोजे वगैरे."

"मग समज, एकतीस हजारांचे मोजे!"

"मर्ना, थट्टा नको." त्याचा आवाज एकदम बारीक झाला. "तुम्हाला काय, तुम्ही देणारे. रस्त्यात दिसलात की मला वाटतं, यानं किती टाकले असतील? यानं वीस टाकले असतील, तर मी याचं वीस डॉलरचं देणं लागतो. कोणाचं किती ते कळायलाही मार्ग नाही. फेडू कसं? निदान सरकारला तरी देतो ना. तेवढं तरी होईल."

आर्डिसनं हे पहिल्यांदाच ऐकलं. वर्षभर एका छपराखाली राहून पहिल्यांदा! तिला त्याची दया आली, आणि दयेच्या मागोमाग राग. असा राग की कान गरम झाले.

"मर्ना, थांब," ती म्हणाली. "काढू नकोस ते. तो म्हणतो तसंच लिही."

"आर्डिस, तू पण?"

"लिही. फक्त मग सगळंच लिहायचं. अर्धवट नको. हार्लन टॉलेफसन सरळ माणूस आहे, त्याचं काही लपवाछपवीचं नको." ती खुर्ची फिरवून नवऱ्याच्या समोर बसली. "एक अंगण साफ करायला हल्ली किती घेतात रे? बर्फ पडला की."

"कोण?"

"कोणीही. तो कोल्बी किती घेतो?"

"चाळीस. जास्त पडला तर साठ."

"चाळीस धरू. गुड्रुन सोल्बर्गचं अंगण तू किती हिवाळे साफ करतोस?"

हार्लनच्या कपाळाला आठी पडली. "तिचा नवरा गेला तेव्हापासून. त्याचं इथे काय?"

"तिनं तुला कधी पैसे दिले?"

"मी घेतो होय?"

"घेतले नाहीस. म्हणजे तिला फुकट मिळालं. आणि तुझ्याच हिशेबानं, आलं ते उत्पन्न. मग गुड्रुनचं तेवढ्या हिवाळ्यांचं उत्पन्न लपवलेलं राहिलं की! बाई नव्वदीला आली आणि कर बुडवतेय. जा, आत्ता जाऊन सांग तिला. म्हणावं, गुड्रुन, सोफा विक, गाय विक, सरकारचे पैसे भर."

"तिच्याकडे गाय नाही."

"नाही ना? बघ, काय हाल होणार बिचारीचे!"

मर्नानं तोंडावर हात धरला होता. तो काढून ती म्हणाली, "आणि माझं? माझं पण अंगण तूच करतोस. पोस्टात असल्यापासून. मी एकदा वीसची नोट दिली होती, तर तू काच वर करून निघून गेलास. माझा पण कर काढ. सरकारी स्वयंसेवक मी, मलाच तुरुंगात टाकतील."

"पाद्रीबुवांचं अंगण," आर्डिस बोटांवर मोजत म्हणाली. "दवाखान्याचं दार. शाळेच्या बसचं वळण. तो बॅप्टिस्ट माणूस, जो तुला आवडत नाही, त्याचंसुद्धा."

"त्याला पाठीचं दुखणं आहे," हार्लन म्हणाला.

"अख्खं गाव कर बुडवतंय, हार्लन! तुझ्यामुळे!"

"अगं, पण ते वेगळं!" तो आता चिडला होता, आणि कितीतरी दिवसांनी त्याच्या चेहऱ्याला रंग आला होता. "ते काय मी त्यांना दिलं? तसल्या मोठ्या गोष्टी कशाला करतेस? मी आपला तिकडून जात होतो. पातं लावलेलंच होतं. जाता जाता केलं!"

"तेही जाता जाताच आले," आर्डिस म्हणाली. "पातेली चुलीवर होतीच."

खोलीत संगणकाचा पंखा घरघरत होता. हार्लन टोपीची कड फिरवत बसला, एक फेरा, दुसरा फेरा. मग विचाराच्या तंद्रीत त्याचा हात थाळीकडे गेला, तो तिकिटाएवढा तुकडा त्यानं उचलला आणि तोंडात टाकला. अख्खा. मर्नानं आर्डिसकडे बघितलं. आर्डिसनं मर्नाकडे. दोघी जन्मात हे कोणाला सांगणार नव्हत्या. म्हणजे, आठवडाभर तरी.

"गुड्रुन आली होती?" हार्लननं विचारलं. "जेवणाला?"

"आली होती म्हणजे? वॉकर घेऊन आली होती. पाव कापायला बसली, आणि कोणाला हात लावू देईना. सगळे तुकडे वाकडे."

"मला वाटलं, लोकांना कीव आली असेल."

"कीव आली असती तर बरणीत पाच डॉलर टाकून घरी जाऊन टीव्ही बघितला असता," मर्ना म्हणाली. ती आता थट्टा करत नव्हती. "मी त्या दिवशी भांडी घासली, हार्लन. त्या स्पॅघेटीच्या जळक्या पातेल्यांची कल्पना तरी आहे का तुला? आणि तिथे आम्ही काय बोलत होतो सांगू? पुढच्या हिवाळ्यात पहाटे अंगणात पात्याचा आवाज येणार की नाही. तेवढंच. आणि तू बाहेर गाडीत बसून राहिलास! आम्ही खिडकीतून दिवे बघत होतो तुझ्या गाडीचे. वाईट वाटलं रे."

हार्लननं खिशातून मोठा रुमाल काढला, नाक शिंकरलं, रुमालाची नीट घडी केली. त्याचे डोळे लाल झाले होते आणि ते लपवायचा प्रयत्न त्यानं केला, पण तळघरात कुठे लपवणार?

"कुठे करायची सही?" तो म्हणाला.

मर्नानं कागद छापून आणला. करपात्र उत्पन्नाच्या रकान्यात गोल गरगरीत शून्य होतं. वरच्या रेघेवर हार्लननं नाव लिहिलं, सावकाश, शाळेतल्यासारखं. खालच्या रेघेवर आर्डिसनं. तिनं ती इतक्या घाईनं केली, की टॉलेफसनमधला शेवटचा भाग नुसती लाट झाला. मर्ना म्हणाली, चालतं.

बाहेर ऊन पडलं होतं आणि छपरावरचा बर्फ टपटप गळत होता. आर्डिसला वाटत होतं की आता पाय जमिनीला लागणार नाहीत. पण गाडीजवळ येताच हार्लन थांबला. पात्यावर हात ठेवून उभा राहिला.

"काय झालं आता?"

"कोल्बी."

ती विसरलीच होती. शनिवार! "अरे, फोन करून सांग ना. विकायची नाही म्हणून."

"हात मिळवलाय मी. शब्द दिलाय."

याचा शब्द म्हणजे दगडावर कोरलेला. एकदा शब्द दिला म्हणून यानं वाळवी लागलेली नाव पूर्ण किमतीला घेतली होती. "मग? देणार गाडी?"

हार्लन बराच वेळ पात्यावरचा गंज नखानं खरवडत राहिला. "त्याला मागून बघतो," तो म्हणाला.

"काय मागून?"

"गाडी. परत." आणि त्यानं खिशातून फोन काढला, डोळ्यांपासून लांब धरला, एका बोटानं आकडे दाबले.

आर्डिस शेजारी उभी होती. इतक्या वर्षांच्या संसारात तिनं या माणसाला कोणाकडे काही मागताना ऐकलं नव्हतं. जेवताना मीठसुद्धा उठून स्वतः घ्यायचा.

"कोल्बी? हार्लन टॉलेफसन... हो, गाडी बरी आहे. सुरू होते. तिच्याबद्दलच... बाळा, मी शब्द दिलाय तुला. तू म्हणालास तर शनिवारी किल्ली तुझी. पण मला तुझ्याकडे एक मागायचंय." तो थांबला. "मला ती ठेवून घ्यायची आहे. तू सोडशील का? ... नाही, जास्त पैसे कोणी देऊ केले नाहीत. मला हवीय, एवढंच."

पलीकडून पोरगं बराच वेळ बोललं. आर्डिसला शब्द कळेनात, नुसता सूर. सूर आधी कुरकुरीचा, मग तेवढा नाही. हार्लन "हो", "खरंय", "तुझं नुकसान झालं" असं म्हणत राहिला. मग म्हणाला, "किल्डालच्या रस्त्यावर? निळं घर? हो, माहीत आहे... करीन की. पैसे? पैसे कसले, ते तर माझ्या जाण्यायेण्याच्या..."

आर्डिसनं त्याच्या पोटरीवर बुटाचं टोक हाणलं.

"...बरं," हार्लन म्हणाला. "बरं, तू म्हणतोस तर. थँक्यू, कोल्बी." फोन बंद करून तो पोटरी चोळायला लागला. "सोडली त्यानं. दुसरी गाडी मिळेपर्यंत त्याच्या आईचं अंगण मी करायचं. हजार कामं आहेत पोराला. पैसे देतो म्हणाला."

"आणि तू बरं म्हणालास."

"लाथ मारलीस म्हणून."

आर्डिसला हसू आलं आणि त्याच्याबरोबर रडूही, दोन्ही एकदम, लहान पोरासारखं. तिनं तोंड त्याच्या जाड कोटात खुपसलं. कोटाला डिझेलचा वास येत होता. हार्लन लायब्ररीच्या आवारात, भर दुपारी, गावाच्या डोळ्यांदेखत तिच्या पाठीवर थापटत उभा राहिला. आमच्याकडे एवढं म्हणजे फार झालं.

गाडी सुरू केल्यावर तो घराकडे वळला नाही. मुख्य रस्त्यावरून सरळ गेला आणि कॅफेसमोर थांबला. पातं फुटपाथला लागलं.

"डॉक्टरांनी कमी सांगितलीय ना?" आर्डिस म्हणाली.

"एक कप."

आत घंटी वाजली आणि खिडकीजवळच्या टेबलावरच्या पाच टोप्या वर झाल्या. क्षणभर सगळं शांत. मग धान्याच्या कोठारातला त्याचा जुना सोबती, ऑर्विल, ओरडला, "अरे, हा तर तो बरणीवरच्या फोटोतला! प्रत्यक्षात याहून वाईट दिसतो."

"तुझ्या तोंडाच्या फोटोनं पाच डॉलरही जमले नसते," हार्लन म्हणाला. खुर्ची ओढून बसला, आणि पाच टोप्या गदगदल्या.

कॉफी आली, सफरचंदाचा पाय आला. बर्फ, गहू, डिझेलचा भाव, सगळं पूर्वीसारखंच चालू झालं. आर्डिस टेबलाच्या कोपऱ्यावर बसून ऐकत होती. उठायची वेळ आली तेव्हा बिल आलं, आणि ऑर्विलनं फासे न टाकताच ते उचललं.

"आज माझं," तो म्हणाला.

हार्लनचा हात सवयीनं खिशात गेला. पाकीट अर्धं बाहेर आलं. टेबलाखाली आर्डिसनं पाय उचलून तयार ठेवला.

लाथ मारावी लागली नाही. हार्लननं पाकिटाकडे बघितलं, ऑर्विलकडे बघितलं, आणि पाकीट परत खिशात सारलं.

"थँक्यू," तो म्हणाला. "पाय चांगला होता." आणि त्यानं कॉफी पुन्हा भरून मागितली.